पावणेपंधराशे परार्ध आणि तीन वर्षांचे रविवार

(या भागात आकडे बरेच आहेत. ऐकताना निसटले तर इथे नीट बघता येतील, म्हणून हे लेखी रूप.)



३१ ऑक्टोबर १९०३, शनिवार. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक भरलीय. आज एक निबंध आहे, विषय ‘मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयी’. वक्ते फ्रँक नेल्सन कोल, वय ४२, कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक. त्यांचं नाव पुकारलं जातं. कोल उठतात, फळ्यापाशी जातात, खडू घेतात. काही बोलत नाहीत. २ चा ६७ वा घात काढायला लागतात. म्हणजे २ ला २ नं गुणत गुणत ६७ दोन. येईल त्यातून १ वजा करतात. मग फळ्याच्या कोऱ्या भागात दोन आकडे एकाखाली एक लिहितात आणि शाळेतल्यासारखा सरळ गुणाकार करतात. हातचे धरत, ओळीखाली ओळ. शेवटी बेरीज. दोन्हीकडचं उत्तर एकच येतं. कोल खडू ठेवतात आणि जागेवर जाऊन बसतात. एक शब्दही न बोलता. आणि सभागृहात टाळ्या.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला प्रश्न पडला की एका गुणाकाराला टाळ्या कसल्या? आजचा भाग त्या टाळ्यांबद्दल आहे. आणि शेवटी ही गोष्ट कितपत खरी, तेही बघू.

आधी आकडा बघून घ्या

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

एकवीस अंकी संख्या. वाचायची कशी? लाख, कोटी, अब्ज इथवर आपली धाव असते. पण भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त स्थानांची नावं एकं, दहंपासून थेट परार्धापर्यंत जातात. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. आपला आकडा त्या मापानं पावणेपंधराशे परार्धांहून जरा जास्त भरतो. म्हणजे यादीतलं शेवटचं नावही पुरत नाही.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट माहीत असेलच. पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असं दुप्पट करत जायचं आणि राजाचं कोठार रिकामं करायचं. पटावर ६४ घरं असतात. समजा ती ६७ असती, तर सगळ्या घरांतले मिळून जितके दाणे झाले असते, बरोबर तितका हा आकडा. २ चा ६७ वा घात, वजा १. कॉम्प्युटरच्या भाषेत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिला तर ओळीनं ६७ एक. मध्ये कुठे एक शून्य नाही. नुसता बघितला तर वाटतं, याला फट कुठून असणार!

आणि साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी एका माणसानं छापून टाकलं होतं की याला खरंच फट नाही.

पॅरिसचे ग्रुप ॲडमिन

त्यांचं नाव मारां मर्सेन. पॅरिसच्या मठात राहणारे धर्मगुरू, जन्म १५८८. त्या काळात विज्ञानाची नियतकालिकं नव्हती. कुणी काय शोधलं हे कळायचा रस्ता म्हणजे पत्रं. मर्सेन हे त्या पत्रांचं जंक्शन होतं. देकार्त, फर्मा अशा लोकांशी त्यांचा पत्रव्यवहार. एकाचं पत्र आलं की त्यातला मजकूर दुसऱ्याला कळवायचा, दुसऱ्याची शंका तिसऱ्याला. आजच्या भाषेत, युरोपातल्या गणितवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन.

१६४४ साली मर्सेननी एका पुस्तकात एक यादी दिली. प्रश्न असा होता: २ च्या कितव्या घातातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते? मूळ संख्या म्हणजे १ आणि स्वतः सोडून जिला कशानंच पूर्ण भाग जात नाही ती. २ चा तिसरा घात ८, वजा १ केला की ७. मूळ. पाचवा घात ३२, वजा १ म्हणजे ३१. मूळ. पण अकरावा घात २०४८, वजा १ म्हणजे २०४७. हा दिसतो मूळ, पण आहे २३ गुणिले ८९. फसवतो.

हे हवं होतं कशाला? युक्लिडपासूनचा नाद. ६ ला ज्यांनी भाग जातो ते १, २, ३. त्यांची बेरीज पुन्हा ६. तसंच २८ चं: १, २, ४, ७, १४ मिळून २८. अशा ‘परिपूर्ण’ संख्या बनवायची कृती युक्लिडनं देऊन ठेवली होती, आणि त्या कृतीला अशाच मूळ संख्या लागतात.

मर्सेननी २५७ पर्यंतची यादी दिली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. बास, एवढेच, बाकीचे नाहीत.

एवढ्या मोठ्या संख्या त्यांनी तपासल्या होत्या का? शक्यच नव्हतं. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे का हे ठरवायला सगळा काळ घालवला तरी पुरणार नाही, असं त्यांनी स्वतःच म्हटलंय. तरी यादी छापली. आणि मर्सेननी लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार, म्हणून लोक ती पुढे पाठवत राहिले. फॉरवर्डेड मेनी टाइम्स! फक्त इथे ते २३२ वर्षं चाललं.

मधल्या काळात १७७२ मध्ये ऑयलर यांनी ३१ वालं सिद्ध केलं: २,१४,७४,८३,६४७ ही खरंच मूळ संख्या आहे. या आकड्याशी तुमची ओळख आहे, फक्त तुम्हाला माहीत नाही. अधिक-उणे चिन्हासकट मोजणाऱ्या ३२ बिटांच्या काउंटरमध्ये मावणारा हा सगळ्यात मोठा आकडा. ‘गंगनम स्टाईल’चे व्ह्यूज याच्या पलीकडे निघाले म्हणून यूट्यूबनं काउंटर मोठा केल्याचं २०१४ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं होतं. तिथे आडवा आलेला आकडा हा, मर्सेनच्या यादीतला.

फुटतो, पण कुठे ते माहीत नाही

आता १८७६. फ्रान्समध्येच एदुआर ल्युका नावाचे गणिती. तीन खुंट्या आणि चकत्यांचा ‘टॉवर ऑफ हॅनोई’ हा खेळ पुढे यांनीच काढला. इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये तो भेटतोच. ल्युकांनी एक अशी रीत शोधली की ती ऐकून मला आजही गंमत वाटते. डी. एच. लेहमर यांनी १९३० च्या सुमारास ती आणखी सोपी केली. ती सोपी रीत सांगतो.

४ घ्या. त्याचा वर्ग करून २ वजा करा, १४. पुन्हा वर्ग करून २ वजा करा, १९४. असंच पुढे. आकडा फार वाढू नये म्हणून प्रत्येक वेळी तपासायच्या संख्येनं भागून फक्त बाकी ठेवायची. आता ३१ तपासू. ४, मग १४, मग १९४ ला ३१ नं भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२. ६२ ला ३१ नं भागलं, बाकी शून्य. शून्य आलं म्हणजे मूळ. किती पायऱ्या करायच्या? घातापेक्षा दोन कमी. ३१ साठी घात ५, म्हणून ३ पायऱ्या.

मघाचा फसवा २०४७ घ्या. घात ११, म्हणून ९ पायऱ्या. शेवटी बाकी उरते १७३६. शून्य नाही. म्हणजे २०४७ मूळ नाही.

आता नीट लक्ष द्या. या सगळ्यात २३ कुठे आला? ८९ कुठे आला? कुठेच नाही. आपल्याला पक्कं कळलं की ही संख्या फुटते. ती कशानं फुटते, हे मात्र कळलं नाही. १७३६ हा आकडा त्याबद्दल तोंड उघडत नाही.

ल्युकांनी आपल्या मूळ रीतीनं १८७६ मध्ये दोन मोठे निकाल लावले. १२७ वाली ३९ अंकी संख्या मूळच आहे. तिथे मर्सेन बरोबर निघाले, आणि पुढची ७५ वर्षं ती माणसाला माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या राहिली. आणि दुसरा निकाल: ६७ वाली, आपली पावणेपंधराशे परार्धवाली, मूळ नाही. मर्सेन चुकले.

यादीत आणखीही चुका निघाल्या. १८८३ मध्ये पेर्वुशिन नावाच्या रशियन धर्मगुरूंनी ६१ वाली मूळ असल्याचं दाखवलं, जी मर्सेननी गाळली होती. काहींनी मर्सेनची बाजूही घेतली: बहुतेक ६१ च लिहायचं असेल, छापताना ६७ झालं. पण पुढे ८९ आणि १०७ वाल्याही मूळ निघाल्या आणि २५७ वाली नाही निघाली. एकूण पाच चुका. सगळं छापखान्यावर कसं ढकलणार?

पण ६७ ची गोष्ट वेगळीच होऊन बसली. फुटते हे सिद्ध झालंय. म्हणजे हिचे अवयव आहेत, कुठेतरी नक्की आहेत. आणि जगात कुणालाच ते माहीत नाहीत. ही अवस्था २७ वर्षं टिकली.

रविवारी काय करता?

कोल इथे येतात. नुसता भागाकार करत बसायचं म्हटलं तर किती काम होतं, याचा मी हिशोब केला.

अशा संख्येचा कुठलाही अवयव ठरावीक साच्यातलाच असतो: १३४ ची कुठली तरी पट अधिक १. शिवाय त्याला ८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. या दोन नियमांनी बराच कचरा गळतो. तरीही खरा अवयव येतो १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीच्या पुढच्या घरात. तिथे पोचेपर्यंत सव्वासात लाख उमेदवार. त्यातले ३, ५ आणि ७ नं भाग जाणारे काढले तरी तीन लाखांवर उरतात. तीन वर्षांत रविवार साधारण १५६. म्हणजे दर रविवारी दोन हजारांहून जास्त भागाकार, प्रत्येक भागाकार एकवीस अंकांचा. हे माणसाचं काम नाही.

म्हणून कोलनी चाळण्या लावल्या. वर्गसंख्यांना आपल्या मोठ्या संख्येनं भागलं की ज्या बाक्या उरतात त्यांना वर्गशेष म्हणतात. त्यातले छोटे छोटे वर्गशेष त्यांनी हुडकले. असा प्रत्येक वर्गशेष म्हणजे एक चाळणी, जी उरलेल्या उमेदवारांपैकी साधारण निम्मे गाळते. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. शेवटी हातात थोडेच उरतात, आणि त्यांच्यावर भागाकार करायचा.

आणि मला या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे. कोल एवढा वेळ बसू शकले, कारण ल्युकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की खाली पाणी आहे. किती खोल आहे ते माहीत नाही, पण आहे. संख्या कदाचित मूळच असती, तर हा सगळा खटाटोप कोरड्या विहिरीसारखा असता. खणत राहा, खणत राहा, आणि शेवटी कळणार की काहीच नव्हतं. ल्युकांनी अवयव दिले नाहीत, पण शोधणाऱ्याचे रविवार वाया जाणार नाहीत एवढी हमी दिली. फळ्यासमोर एकटे कोल उभे होते, पण त्या गुणाकारात ल्युकांचाही वाटा होता.

तर ते दोन आकडे: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. यांचा गुणाकार म्हणजे आपली संख्या.

मी करून बघितलं

मागच्या रविवारी फोन दुसऱ्या खोलीत ठेवला आणि आखीव वही घेऊन हा गुणाकार करायला बसलो. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत बारा अंकांना एका अंकानं गुणायचं. एका ओळीत शून्य आहे, तेवढीच मेहेरबानी. पहिल्यांदा उत्तर चुकलं. एका ओळीत हातचा विसरलो होतो. दुसऱ्यांदा चौकटीचा कागद घेतला, एका चौकटीत एकच अंक. आलं. सगळा मिळून तासाभराहून जास्त वेळ गेला. आणि शेवटचे अंक ...१२,९२७ असे बरोबर बसले तेव्हा घरात कुणी नसताना मीच टाळी वाजवली.

तुम्हाला एवढं करायचं नसेल तर एक छोटी परीक्षा करा. पहिल्या आकड्यातले अंक मिळवा: ३७. त्याचे ३ आणि ७ म्हणजे १०, आणि १०चे १. दुसऱ्यातले मिळवा: ६४, मग १०, मग १. एक गुणिले एक, एक. आता मोठ्या आकड्यातले मिळवा: १०९, मग १०, मग १. जुळलं! यानं गुणाकार बरोबरच आहे असं सिद्ध होत नाही. पण न जुळता तर चूक नक्की होती. कुठे आहे ते मात्र कळलं नसतं. ओळखीची वाटते ना परिस्थिती?

गोष्ट किती खरी?

कोलनी तो निबंध त्या बैठकीत मांडला हे खरं, आणि तो त्याच वर्षी सोसायटीच्या बुलेटिनमध्ये छापून आला हेही खरं. पण ते मौन, तो फळा, त्या टाळ्या, हे सगळं आपल्यापर्यंत आलंय एरिक टेंपल बेल यांच्याकडून. बेल पुढे कोलंबियात कोलच्या हाताखाली शिकले. १९०३ मध्ये मात्र ते कॅलिफोर्नियात विद्यार्थी होते, सभागृहात नव्हते. त्यांनी ही गोष्ट छापली जवळजवळ अर्ध्या शतकानं. आणि गणितज्ञांच्या गोष्टी रंगवून सांगण्याबद्दल बेल प्रसिद्धच आहेत. ‘हे अवयव शोधायला किती वेळ लागला?’ असं आपण कोलना विचारलं आणि ‘तीन वर्षांचे रविवार’ असं उत्तर मिळालं, हेही बेलच सांगतात.

मर्सेनच्या यादीला हसून झाल्यावर मी तुम्हाला बेलची गोष्ट जशीच्या तशी फॉरवर्ड केली तर ते बरं दिसणार नाही. म्हणून सांगितलं. मौनाची खात्री मी देत नाही. गुणाकाराची देतो, तो मी स्वतः केलाय.

कोलबद्दल एक गोष्ट मात्र पक्की आहे. ते २५ वर्षं या सोसायटीचे सचिव होते. १९२० मध्ये निवृत्त होताना सदस्यांनी वर्गणी काढून त्यांना रक्कम भेट दिली. त्यांनी ती सोसायटीलाच परत दिली. त्यातून कोल पारितोषिक सुरू झालं, आजही देतात. २००८ मध्ये संख्या सिद्धांतातल्या कामासाठी ते मंजुल भार्गव यांना मिळालं.

आणि तुमच्या खिशात

आज हे अवयव काढायला फोनला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. तीन वर्षांचे रविवार संपले. पण ल्युका आणि कोल यांच्यातलं ते अंतर संपलेलं नाही.

‘संख्या मूळ आहे का?’ हा प्रश्न सोपाच होत गेला. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल, नितीन सक्सेना यांनी अशी रीत दिली की कुठल्याही संख्येसाठी हा निकाल आटोपशीर पायऱ्यांत आणि शंभर टक्के खात्रीनं लागतो. ‘अवयव कोणते?’ हा प्रश्न मात्र अजून अडून बसलाय. आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी त्या अडचणीचंच कुलूप बनवलं. दोन मोठ्या मूळ संख्या गुणायच्या आणि गुणाकार जगजाहीर करायचा. सगळ्यांना माहीत की हा फुटतो. कुठे, ते फक्त मालकाला माहीत. ब्राउझरमध्ये बँकेचं पान उघडताना जी सुरक्षा असते तिच्यामागे बऱ्याच ठिकाणी अशीच ६१७ अंकी संख्या उभी असते.

हे कुलूप कायमचं आहे का? त्याच वर्षी एक १२९ अंकी संख्या आव्हान म्हणून छापली होती. फोडायला ४ कोटी अब्ज वर्षं लागतील असा अंदाज होता. १९९४ मध्ये इंटरनेटवरून जमलेल्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी ती फोडली. सतरा वर्षांत! कारण कॉम्प्युटर वेगवान झाले, आणि त्याहून जास्त म्हणजे चाळण्या सुधारल्या. कोलच्या वर्गशेषांच्याच घराण्यातल्या चाळण्या. अवयव पाडायची सोपी रीत नाहीच, असं आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही. फक्त अजून कुणाला सापडलेली नाही.

म्हणजे १८७६ ते १९०३ अशी जी २७ वर्षं गेली, ‘फुटतं हे माहीत, कुठे ते माहीत नाही’, त्याच अवस्थेवर आपण आपले पैसे आणि गुपितं ठेवलीत. कोलनी एका संख्येपुरतं ते अंतर पार केलं. टाळ्या त्यासाठी होत्या.

या रविवारी वही काढा. पूर्ण गुणाकार नको, २०४७ च्या नऊ पायऱ्या करा. शेवटी १७३६ आले तर कळवा, नाही आले तर हातचा शोधा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!